पाटीवरचा सावळाराम

इंदे,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि पत्राला उत्तर द्यायची सवय तुला त्याआधीही नव्हती. तेव्हा उत्तराची वाट न बघता लिहिते.

काल तुझ्या नातसुनेचा फोन आला. गोड मुलगी आहे, लग्न होऊन वर्षही नाही झालं. म्हणाली, "आजी, रहाटणीच्या घरात आजोबांचं चित्र आहे ना, त्यातला डावा हात अर्धवट राहिलाय. ओळखीचे एक चित्रकार बोटं पूर्ण करून देतो म्हणतात. रंगही फार मळके आहेत, ते उजळून देतील. देऊ का त्यांना?"

मी म्हटलं, "त्या चित्राला हात लावलास तर मी सांगवीहून रिक्षा करून येईन आणि आधी तुझी बोटं मोजीन."

घाबरली बिचारी. मग मलाच वाईट वाटलं. तिला कुणी सांगितलंच नसेल तर ती काय करणार? सांगणारे सगळे गेले. उरले मी, सत्त्याऐंशी वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून हे पत्र. पत्र तुला असलं तरी वाचणार दुसरे, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. ऐकून घे.

तुझे वडील उद्धवराव. चिंचवड गावात त्यांना उद्धव पेंटर म्हणत. शेती नावापुरती, पोट पाट्यांवर. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेल्या सिंधी लोकांनी दुकानं टाकली होती आणि प्रत्येक दुकानाला पाटी हवी होती. उद्धवरावांना सिंधी ओ की ठो कळत नसे. दुकानदार कागदावर लिहून देई, आणि ती उजवीकडून डावीकडे धावणारी अक्षरं ते फळीवर अशी उतरवत की एक टिंब इकडचं तिकडे होत नसे. आई तू चार वर्षांची असताना गेली. ठकुआत्यानं तुला वाढवलं, म्हणजे ओरडून ओरडून मोठं केलं. मी पोस्टमास्तरांची मुलगी प्रमिला, सातवीपर्यंत तुझ्या शेजारी बसणारी. पुढे मी पुण्याला कॉलेजात गेले आणि तू वडलांच्या डब्यांपाशी बसलीस. सफेदा घोटायचा, निळीत बुडवलेली दोरी फळीवर ताणून फटकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं. छप्पन सालापर्यंत कॅम्पातल्या निम्म्या पाट्या तुझ्या हातच्या होत्या. खाली नाव मात्र उद्धव पेंटर.

त्या सालापर्यंत तुला तीन स्थळं बघून गेली होती. चालून दाखव म्हणाले, तू चाललीस. केस सोड म्हणाले, सोडलेस. तिसऱ्या खेपेला मुलाच्या काकूनं आतल्या खोलीत नेऊन तुझी पाठ उघडी करून बघितली, कोड आहे का म्हणून. मी दाराशीच होते. ती मंडळी गेल्यावर तू विहिरीवर जाऊन पाठ खसाखसा धुतलीस आणि म्हणालीस, "पमे, आता फुडचा येईल त्याला मी बगनार."

मी हसले. मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेस.

पुढचा आला तो सावळाराम, रहाटणीचा. वडील नव्हते. आई गवराबाई, आणि घरातला शेवटचा शब्द मामा लक्ष्मणरावांचा. मुलगा पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागला होता. बाटली उजेडाला धरायची आणि आत तडा, कचरा, केस दिसतो का ते बघायचं, हे त्याचं काम. "शिफ्टची नोकरी हाय," असं मामा बसल्या बसल्या तीनदा म्हणाले.

सतरंजीवर बसलेला तो मला अजून दिसतो. डोक्याला टोपी, अंगात मांजरपाटाचा सदरा, मांडीवर घडी घातलेला टॉवेल आणि टॉवेलाखाली डावा हात. कार्तिकातली दुपार, घाम कुणालाच नव्हता. मग टॉवेल कशाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पोहे त्यानं बशी जमिनीवर ठेवूनच खाल्ले, तेही कुणाच्या नजरेत आलं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते ना.

"पोरीला काय काय येतं?" मामांनी विचारलं.

"समदं येतं," ठकुआत्या म्हणाली. "सैपाक, शिवण. आन चित्रं तर अशी काढती—"

"मग दाव की काढून. मोर काढ. न्हाईतर बैलजोडी."

तू मान वर केलीस. "मोर हितं बसल्याला न्हाई, मामा. समोर जे बसलंय त्ये काढते."

"म्हंजी मला?" मामा मिशीवरून हात फिरवत हसले.

"तुमचं लगीन झालंय."

स्वैपाकघरातल्या बायका फिसकन हसल्या. मामांनाही हसावं लागलं, आणि तिथंच ते फसले. हसल्यावर नको म्हणता येईना.

तू एक फळी आणलीस. कॅम्पातल्या एका कापडवाल्यानं नापसंत करून परत पाठवलेली. तिच्यावर सफेद्याचा एक हात दिलेला होता, पण खालची 'स्टोअर्स' ही अक्षरं पुसट दिसतच होती. ती मांडीवर उभी धरलीस, कोळशाची कांडी घेतलीस, त्याच्यासमोर बसलीस आणि बघायला लागलीस.

इंदे, आजच्या मुलींना यात काय मोठंसं, असं वाटेल. आम्ही तेव्हा नवऱ्या मुलाचे पाय तेवढे बघत असू, तेही नमस्कार करताना. तू त्याचं कपाळ बघितलंस, मग कान, मग ओठ. कांडी हातभर लांब धरून एक डोळा मिटून दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलंस. चाकणच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसं, असं ठकुआत्या नंतर गावभर सांगत होती. सावळारामचे कान आधी लाल झाले, मग हळूहळू निवले. त्याच्याकडे इतका वेळ कुणी बघितलंच नसावं.

डोकं झालं, खांदे झाले. मग तू म्हणालीस, "त्यो टावेल बाजूला ठिवा."

गवराबाई चटकन पुढे सरकल्या. "राहू दे की टावेल. त्याचं काय नडतंय?"

"हात दिसत न्हाई."

"एक दिसतोय तेवढा पुरे. देवाच्या तसबिरीत तरी कुठं समदं दिसतं?"

"मावशी, मला मानूस काढायचाय."

सावळारामनं आईकडे बघितलं. मग मामाकडे. मग तुझ्याकडे, त्या दिवसात पहिल्यांदा, सरळ. आणि त्यानं टॉवेल उचलून शेजारी ठेवला.

अंगठा आणि शेजारचं बोट. बाकीची तीन मुळापासून गेलेली, आणि तिथली कातडी गुळगुळीत, जरा चकाकणारी.

उद्धवराव उठून उभे राहिले. "लक्ष्मणराव, ह्ये आदी सांगायचं सोडून—"

"सांगनारच हुतो हो. सुपारी फुटली की—"

"सुपारी फुटल्यावर? म्हंजी गळ्यात मारल्यावर!"

ठकुआत्यानं तुझा दंड धरला. "ऊठ इंद्रे. आत चल."

तू दंड सोडवून घेतलास. फळी तशीच मांडीवर, कोळसा तसाच हातात. "कुनी उठायचं न्हाई," तू म्हणालीस. "माजं अर्धं ऱ्हायलंय."

आणि कुणी उठलं नाही! उद्धव पेंटरसुद्धा परत खाली बसले. मी पुढे कॉलेजात पुष्कळ वादविवाद ऐकले, एकदोन बक्षिसंही मिळवली, पण चार शब्दांत अख्खी खोली खाली बसवलेली पुन्हा बघितली नाही.

मग, सगळ्यांच्या देखत, लग्न ठरायच्या आधी, तू त्याच्याशी बोललीस.

"कशात गेली?"

"उसाच्या चरकात. कांडी सारताना."

"किती वर्साचं हुता?"

"नवाचा."

"दुखतंय?"

"थंडीत."

"मग आता दुखत आसंल."

"जरा जरा."

"हलवू नका. तसाच मांडीवर ऱ्हाऊ द्या."

मंडळी सुपारी न फोडता गेली. जाताना मामा म्हणाले, "असली तोंडाळ पोरगी आमाला नकोच." उद्धवराव म्हणाले, "तुमी काय न्हाई म्हंताय, आमीच न्हाई म्हंतो." विषय मिटला. मिटला असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या सुट्टीला सकाळी नऊ वाजता सावळाराम एकटाच तुमच्या ओट्यावर येऊन बसला. रहाटणीहून काळेवाडीवरून नदी ओलांडून, पिंपरी करून, पायी. उद्धवरावांनी दारातच विचारलं, "काय काम?"

"त्येंचं अर्धं ऱ्हायलंय म्हनाल्या त्या."

तुझ्या बापाला पाट्यांच्या धंद्याबद्दल एक गोष्ट मान्य होती: हातात घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही. ते आत गेले. तू फळी घेऊन बाहेर आलीस. आत नाही, मागच्या अंगणात नाही, बाहेर, रस्त्यावरच्या ओट्यावर. जाणारी येणारी माणसं थांबायची. "अरं, नवरा पोरीला बघतो म्हनत्यात, हितं पोरगीच नवऱ्याला बघायलीय!" "किती दीस बगनार गं? दात मोज की!" तू रंगातून मान वर काढत नव्हतीस. तोही हलत नव्हता. मात्र एकदा कुणीतरी ओरडलं, "सावळ्या, टावेल इसरला काय रं?" तेव्हा त्याचा हात जरासा मागं गेला. तू ब्रश न थांबवता म्हणालीस, "फुडं." हात पुढं आला.

चार सुट्ट्या गेल्या. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसायचे, तुझ्या अब्रूला राखण म्हणून. राखायला उरलं काय होतं कोण जाणे! चहा द्यायचे, तेव्हा तो बशी त्या दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि थेंब सांडत नसे. मी एकदा विचारलं, "चार-चार तास बसता, कंटाळा येत नाही?" म्हणाला, "ताई, दोन ठिकानी ठरलं हुतं. हात दिसला आन मोडलं. हात दिसल्यावर बसा म्हननारी ही पयलीच."

चित्राचे रंग तू घरातलेच घेतलेस: सफेदा, काजळी, गेरू, पिवडी. शेंदरासारख्या लाल रंगाचा नवा कोरा डबा फडताळात होता, दुकानांच्या पाट्यांसाठी आणलेला. तो उघडलासच नाहीस. उद्धवरावांना ते सहन होईना. ते मागे उभे राहून म्हणत, "अगं, टोपीला तरी रंग दे. पाटी कशी, रस्त्याच्या पल्याडनं दिसली पायजे."

"ही पाटी न्हाई, दादा. ही जवळ येऊन बगायची."

आणि खरंच जवळ गेल्याशिवाय त्या चित्रात काही दिसत नाही. लांबून एक मातकट माणूस मातकट भिंतीपुढे बसलेला. जवळ गेलं की चेहऱ्याचा रंग भाकरीच्या करपल्या कडेसारखा, सदऱ्याच्या बाहीला धुऊन धुऊन आलेला राखाडीपणा, मागे भिंतीत विरलेली 'स्टोअर्स'ची अक्षरं. नजर बघणाऱ्याकडे नाही, जरा खाली आहे. तुझ्या हाताकडे बघत होता तो. आणि मांडीवर तो डावा हात, बाकी सगळ्यासारखाच रंगवलेला. ना उठून दिसावा म्हणून, ना लपावा म्हणून. जणू सगळ्यांचे हात असेच असतात.

संक्रांतीला गवराबाई आल्या. एकट्या. तिळगूळ द्यायचं निमित्त, पण मुलगा दर सुट्टीला कुठे जातो हे सगळ्या रहाटणीला कळलं होतं. चित्र ओट्यावर भिंतीला टेकवून वाळत ठेवलेलं. त्या बघत राहिल्या, मग पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पोरी, येक कर. पाच बोटं काढ. एवढंच. मांडवाच्या दारात लावू आपुन, येनारंजानारं बघंल. तू पाच बोटं काढ, आन मी आज कुकू लावून जाते. मामाला मी बगते."

उद्धवरावांचा चेहरा केवढा उजळला! चार सुट्ट्यांनंतर तुला दुसरं स्थळ येणार नव्हतं, हे त्यांना पक्कं कळलेलं. "धा मिन्टाचं काम हाय, इंदे. गेरू कालवल्यालाच हाय."

तू म्हणालीस, "न्हाई."

"अगं, त्याला आवडतीस तू, तुला आवडतोय त्यो—"

"म्हनूनच न्हाई."

गवराबाई उठल्या. "मग लगीनबी न्हाई," म्हणाल्या आणि तिळगूळ न देता गेल्या.

आता माझं सांगते, कारण नातसुनेला दटावल्यावर हे लपवणं बरं दिसणार नाही. त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, "इंदे, वेडेपणा करू नकोस. आत्ता काढ बोटं. लग्न झाल्यावर खरवडून टाक. पोलिश कागदानं पाच मिनिटांत निघेल." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

तू माझ्याकडे जराशा कीवेनं बघितलंस. "पमे, कालिजात काय शिकिवत्यात गं तुला? माजी पाठ उघडी करून बगितली, तवा तू दारात हुतीस. कुनी म्हनलं का, ऱ्हाऊ दे, झाका? मग ह्येंचाच हात का झाकायचा? पाच बोटांचा नवरा मला कुनी दावलाच न्हाई. मी ज्याला बगितला, त्याच्याशी लगीन करायचं तर करा, न्हाईतर मी पाट्या रंगवीन."

पुढची सुट्टी कोरडी गेली. सावळाराम आला नाही. त्याच्या पुढचीही. ठकुआत्या तुला येताजाता ऐकवत होती, "बस आता पाटीसंगं संसार करत." तू कॅम्पातल्या एका हलवायाची पाटी रंगवत होतीस आणि त्या दोन आठवड्यांत तुझी एक रेघ वाकडी गेली. एकच, पण मी बघितली.

तिसऱ्या सुट्टीला तो आला. टॉवेल होता, पण डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलेला. पिंपरीच्या भर बाजारातून तसाच आला होता, दोन्ही हात मोकळे हलवत. ओट्यावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आईशी बोललो. टावेल आता घेनार न्हाई म्हनलं. मामा लग्नाला येनार न्हाई. आई येईल. पन चित्र मांडवात लावायचं न्हाई म्हनती."

"नको लावायला," तू म्हणालीस. "घरात लावू."

"मग जमलं म्हना."

"जमलं."

वैशाखात पवनेच्या घाटावर लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना बायका त्याच्या हाताकडे बघत होत्या, आणि तू त्या बायकांकडे, एकेकीकडे, ती नजर खाली घालेपर्यंत.

रहाटणीच्या घरात तू पहिल्याच आठवड्यात दोन खिळे ठोकून चित्र लावलंस. दुसऱ्या दिवशी पाहिलंस तर तोंड भिंतीकडे. तू सुलट केलंस. संध्याकाळी पुन्हा उलट. सासू उलटं करायची, सून सुलटं, असं सव्वा वर्ष. शेवटी एका दुपारी भाकरी थापता थापता गवराबाईच बोलल्या, "चरकाला कांडी सारायला मीच बशिवलं हुतं त्याला. मी जरा घरात गेले. ते चित्र माज्याकडं बगतंय, इंद्रे."

तू मला हे सांगितलंस तेव्हा मी विचारलं, "मग काढून ठेवलंस?" तू म्हणालीस, "न्हाई. म्हनलं, आत्याबाई, त्ये तुमच्याकडं न्हाई बगत. नीट बगा, त्ये माज्या हाताकडं बगतंय. मग त्या जवळ आल्या. पयल्यांदाच जवळ आल्या गं."

त्यानंतर चित्र उलटं झालं नाही. पण म्हातारीनं एक कुरकुर ठेवलीच: "चौकट न्हाई तिला. बिनचौकटीची फळी भिताडाला शोभत न्हाई." तुला ते पटलं. एकोणसाठ सालच्या श्रावणात चिंचवडला माहेरी आलीस तेव्हा मला म्हणालीस, "पमे, तू रोज पुन्याला जातीस. चौकट करून आन. साधी, सागवानी. सोनेरी पट्टी नको, काच नको." फळी नंतर पाठवते म्हणालीस, आधी दुकानात विचारून ये. वडलांची निळीची दोरी तोडून तू मापं दिलीस: एका गाठीपर्यंत रुंदी, दुसऱ्या गाठीपर्यंत लांबी.

मी गेले, इंदे. दुकानदारानं दोरी बघितली आणि म्हणाला, "ताई, फळी आणल्याशिवाय चौकट बसवता येत नाही. घेऊन या." म्हणजे मला ती फळी गाडीतून आणायची होती, स्टेशनवरून भर पेठेतून काखेत धरून न्यायची होती, आणि माझ्या मैत्रिणींनी विचारलं असतं, हा कोण गं काळा माणूस, आणि याच्या हाताला काय झालंय. मी तुला कळवलं, परीक्षा आहे. मग कळवलं, लग्न ठरलंय. मग मी जबलपूरला गेले. परीक्षा होती, लग्नही होतं. कारण मात्र ते नव्हतं. मला टॉवेल हवा होता.

चाळीस वर्षांनी सांगवीत राहायला आले. तुझ्याकडे कितीदा जेवले, त्याच चित्राखाली बसून. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही.

दोरी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, दोन्ही गाठी तशाच. नीळ केव्हाच उडाली. चौकटीचं दुकान कुठे आहे ते मला अजून माहीत आहे, आणि चौकट अजून करून आणायची राहिली आहे.